पहिला मार माझा

मी बंपर बोलतोय. गाडीचा पुढचा बंपर. गाडी मात्र आता माझ्यापाशी नाही. मी एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात, फळ्याशेजारच्या भिंतीवर दोन हुकांना अडकवलेला आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यात हातभर लांब तडा आहे. शिकायला येणारी माणसं आधी फळ्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि आपापसात विचारतात, हे भंगार इथे कशाला टांगलंय? सांगतो. माझी कीव यावी म्हणून सांगत नाही. मला एका माणसावर उट्टं काढायचं आहे आणि तो माणूस आत्ता माझ्याच खाली खुर्चीत बसून हजेरी घेतोय.

त्याला सगळे मास्तर म्हणतात. मीही मास्तरच म्हणेन.

माझा जन्म साध्यासुध्या पद्धतीने झाला. साच्यात गरम प्लास्टिक गेलं आणि दोन मिनिटांत मी बाहेर आलो. चंदेरी रंग चढला, पोटात फोमची पट्टी बसली, आणि एका कामगाराने मला गाडीच्या नाकावर चढवून दोन थापा मारल्या. म्हणाला, "काही झालं तरी पहिला मार तुझा, बरं का. तू खाल्लास की मागचे वाचले." मागचे म्हणजे दिवे, रेडिएटर, इंजिन, आणि आतली माणसं. मला हे काम आवडलं. मोठेपणा नाही, पण अब्रूचं काम आहे.

गाडी बाईंनी घेतली. बाई म्हणजे मास्तरांची बायको. हाडं-सांधे धरलेल्या, अर्धांग झालेल्या लोकांच्या घरी जाऊन त्या व्यायाम करून घेतात. गाडी त्यांच्याच कमाईची. मागच्या डिकीत घडीचं टेबल, रबरी पट्ट्या, एक वॉकर. सकाळी आठला आम्ही निघायचो आणि सहा-सात घरं करून परत यायचो. बाई गाडी सावकाश पण ठाम चालवायच्या. अरुंद गल्लीत आरसे दुमडून, श्वास रोखून, मला भिंतीपासून चार बोटांवरून न्यायच्या. पाच वर्षांत मला एक ओरखडा आला नाही.

सगळ्यात लांबचं घर पोस्टातल्या काकांचं होतं. पोस्टातून निवृत्त झालेला एकटा माणूस, डावी बाजू लुळी पडलेली. रेल्वे फाटकाच्या पलीकडे त्यांचं घर, तिकडे बस जात नाही. खालच्या मजल्यावर त्यांची खोली, आणि बाई गाडी नेमकी त्यांच्या खिडकीसमोर लावायच्या, त्यामुळे मला आतलं सगळं दिसायचं. आधी काका नुसते बसायला शिकले. मग उभं राहायला. मग वॉकर धरून एक पाऊल, दोन पावलं. पलंगापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं होती. ज्या दिवशी ते अकरावं पाऊल टाकून खिडकीशी पोचले, त्या दिवशी गज धरून, धापा टाकत त्यांनी बाहेर पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "गाडी धूत जा की बाई. केवढी मळलीये."

बाई हसल्या आणि मग त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. आमची कमाई ती ही.

आता मास्तरांकडे येतो.

मास्तर बावीस वर्षं गाडी शिकवतात. बावीस वर्षांत ओरखडा नाही, हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलंय की गाडीच्या चारही चाकांना पाठ आहे. नवीन तुकडी आली की पहिला तास ह्याच वाक्याने सुरू व्हायचा. बाईंच्या गाडीचे कागद मात्र मास्तरांकडे असायचे, कारण 'गाडीतलं मला कळतं'.

विमा उतरवायला बाईंचे मामा यायचे. मामा विम्याचंच काम करतात. डोक्यावर मोजके केस, बगलेत फाइल, आणि समजावून सांगायची हौस. त्या वर्षी ते आले तेव्हा मास्तर खाली गाडीपाशीच होते, म्हणून मामांनी कागद बॉनेटवर पसरले. मी खालीच होतो, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला.

"जावईबापू, ह्या रकमेचं तेवढं बघून ठरवा," मामा म्हणाले. "गाडीला काही झालं तर खर्चाची पहिली इतकी रक्कम आपण भरायची, त्यावरचं कंपनी बघते. ह्याला डिडक्टिबल म्हणतात. त्यातले एक हजार सक्तीचे, ते कुणालाच चुकत नाहीत. आणि दुसरी रक्कम आपण आपल्या खुशीने वाढवायची. जितकी वाढवाल तितका हप्ता कमी."

मी कान टवकारले. पहिला मार आपण खायचा, त्यावरचा मागच्याने बघायचा. अरे, हा तर माझा सख्खा भाऊ निघाला. मी प्लास्टिकचा, तो कागदावरचा, पण दोघांचं काम एकच.

"सगळ्यात मोठी कितीची आहे?" मास्तरांनी विचारलं.

"पंधरा हजारांची. पण थांबा, आधी माझे तीन प्रश्न. एक, उद्या सकाळी कुणी दारात येऊन एवढे पैसे मागितले, तर उसने न घेता देता येतील का? दोन, हप्त्यात वर्षाला दीड हजार वाचणार. म्हणजे पंधरा हजार भरून यायला दहा वर्षं एकदाही धडकता कामा नये. आणि हे दर अपघाताला वेगळं असतं हो, वर्षातून एकदाच भरून सुटका नाही. आणि तिसरा प्रश्न म्हणजे, गाडी चालवतं कोण आणि कुठे?"

"मामा, बावीस वर्षांत..."

"ओरखडा नाही. माहितीये. पण जावईबापू, ही गाडी तुम्ही कुठे चालवता? ही तर पोरगी चालवते, दिवसाला सात घरं, सगळी गल्लीबोळातली."

तेवढ्यात बाई टेबल घेऊन खाली आल्या. "अहो, मला वाटतं, लहानच ठेवू या."

मास्तरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "तुला शिकवलंय कोणी? मी. मग? माझ्या घरात छोटं डिडक्टिबल म्हणजे मलाच माझ्यावर भरवसा नाही असं झालं." आणि त्यांनी पंधरा हजारांवर टिचकी मारली. बाईंनी टेबल बॉनेटला टेकवून सही केली, कारण पहिल्या घरी जायला उशीर होत होता.

पुढच्या तुकडीपासून मास्तरांच्या पहिल्या तासात नवीन वाक्य आलं. खिशातून पॉलिसीची झेरॉक्स काढून ते सांगायचे, "मी सगळ्यात मोठं डिडक्टिबल घेतलंय. ज्याला हात साफ असल्याची खात्री आहे तोच घेतो." बायकोची गाडी, बायकोचा हप्ता, बायकोचे हात, आणि कौतुक ह्यांचं. माझ्या मनात तेव्हाच अढी बसली.

सात महिने बरे गेले. मग एका दुपारी मास्तरांची शिकवायची गाडी बंद पडली, म्हणून ते आम्हाला घेऊन स्कूलमध्ये आले. इथेच, ह्या इमारतीखाली. वाहनतळाच्या तोंडाशी कमरेएवढा सिमेंटचा खांब आहे. शिकाऊ लोक त्याला धडकायचे, म्हणून मास्तरांनी स्वतः, स्वतःच्या हाताने, त्याला पिवळाजर्द रंग दिला होता. त्या दिवशी मास्तर फोनवर कुणाला तरी वळण कसं घ्यावं ते सांगत होते. सांगता सांगता त्यांनी मला त्या खांबावर नेऊन आदळलं.

पहिला मार मी खाल्ला. माझं कामच ते. डावा कोपरा आत गेला, तडा गेला, आतला ब्रॅकेट तुटला, दिव्याची काच फुटली. ह्याबद्दल माझी तक्रार नाही. चुका सगळ्यांकडून होतात, आणि माणसांच्या चुका झेलायलाच मला बनवलंय.

तक्रार पुढच्याबद्दल आहे. मास्तर खाली उतरले, आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. त्यांनी मला गुडघ्याने रेटून जागेवर बसवलं, रुमालाने पुसलं, आणि घरी नेऊन गाडी अशी लावली की माझा डावा कोपरा थेट भिंतीला चिकटेल. घरात ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी गाडी मागे घेतली, तसा मी भिंतीला घासून करकरलो. मास्तर वर गॅलरीत तयारच होते.

"अगं, लावलीस ना भिंतीला!"

बाई उतरल्या. माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. तड्यावरून बोट फिरवलं, काच वेचली. "मला कळलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "एवढं लागलं आणि मला कळलं नाही?"

मी त्या क्षणी डूख धरला. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं. नुसता लटकत राहिलो.

गॅरेजवाल्याने खर्च सांगितला साडेपंधरा हजार. मामांना फोन लावला. त्यांनी टोमणा मारला नाही, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "पंधरा आपल्या खुशीचे आणि एक सक्तीचा, म्हणजे सोळा हजारांपर्यंत सगळं आपलंच. कंपनीचा वाटा शून्य. क्लेम टाकूच नका, काही मिळणार नाही. आणि रक्कम मधेच बदलताही येत नाही, नूतनीकरणालाच बदलेल." मास्तरांकडे साडेपंधरा हजार नव्हते. नुकताच त्यांनी स्कूलवर चकाकता नवा बोर्ड लावला होता. मग त्यांनी चार काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मला गाडीला बांधून टाकलं. माझ्या अब्रूचं असं गाठोडं झालं.

आणि बाईंना म्हणाले, "काही दिवस गाडीला हात नको लावूस. तुझा अंदाज बिघडलाय."

बाईंना ते पटलं, ह्याचाच मला सगळ्यात राग आहे. त्या बसने जायला लागल्या. बसमध्ये घडीचं टेबल घेऊन चढायचं म्हणजे काय हाल असतात ते विचारा. सात घरांची चार झाली. फाटकापलीकडे बस जात नाही, म्हणून काकांचं घर सगळ्यात आधी सुटलं. काकांचा फोन यायचा तेव्हा बाई खिडकीत उभ्या राहून बोलायच्या, मला वरून ऐकू यायचं. "येते काका, गाडीचं काम झालं की येते. तुम्ही रोज उभं राहा बरं." असे चार महिने गेले. एकटा माणूस धरायला कुणी नसताना रोज कसा उभा राहणार?

मी सूड घ्यायचं ठरवलं. पण बंपर काय करणार? माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे सुटणं. गाडी आता अधूनमधून मास्तरच बाहेर काढायचे, आणि उन्हाने पट्ट्या कडक व्हायला लागल्या होत्या. मी प्रत्येक खड्ड्यात जरा जास्त हादरायचो, प्रत्येक गतिरोधकावर जरा जास्त ओढायचो. एकेक करून तीन पट्ट्या तुटल्या. चौथी मी राखून ठेवली.

मास्तर एका सकाळी शिकाऊ लोकांना परवान्याच्या परीक्षेला घेऊन गेले. पुन्हा आमच्याच गाडीतून. मैदानात परीक्षा घेणारे साहेब उभे, बाकीच्या शाळांचे मास्तर उभे, रांगेत तीस-चाळीस लोक. मी म्हटलं, हीच वेळ. चौथी पट्टी सोडली आणि डाव्या बाजूने जमिनीवर आदळलो. मैदानभर मी असा खरडत गेलो की कुत्रीसुद्धा उठून बसली.

"मास्तर, हे काय?" साहेब म्हणाले. "बावीस वर्षांचं काय झालं?"

मास्तर उतरले, हसले, आणि हात झटकून म्हणाले, "मी नाही हो. बायकोने ठोकली."

सगळे हसले. आणखी कुणीतरी बायकांच्या गाडी चालवण्यावरचा तो नेहमीचा विनोद केला, त्यावर अजून हसले. मी जमिनीवर पडून ऐकत होतो. मास्तरांना तोंडघशी पाडायला गेलो आणि बाईंचंच नाव चव्हाट्यावर आणलं. इतकं शरमल्यासारखं मला कधी झालं नव्हतं, आणि राग तर असा आला की तडा अजून चार बोटं पुढे गेला.

मला सुतळीने बांधून घरी आणलं. असं हिंडवणं आता शक्यच नव्हतं, दुरुस्ती भाग होती. पण मास्तरांना ओळखीच्या गॅरेजमध्ये तोंड दाखवायची लाज. ते बाईंना म्हणाले, "तूच ने. ठोकलीस तूच."

चार महिन्यांनी बाई स्टिअरिंगवर बसल्या. गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, पहिल्या गिअरमध्येच त्यांनी ते अंतर कापलं. ज्या बाईने मला भिंतीपासून चार बोटांवरून नेलं होतं, ती मोकळ्या रस्त्यावर मधोमध थांबत होती.

गॅरेजमधला डेंटर म्हातारा, अबोल माणूस. त्याने सुतळी कापली, मला उतरवलं, उजेडात धरलं, आणि तड्यात नखाने खरवडलं.

"खांबाला लावली का हो ताई?"

"नाही. भिंतीला. मागे घेताना."

डेंटरने मान हलवली. "मागे घेताना नाक फिरतं आणि भिंतीला घासतं. हे बघा, हे आडवे पांढरे ओरखडे, हे घासल्याचे. ते वरवरचे आहेत, पॉलिशने जातील. पण हा तडा घासल्याचा नाही. हा ठोसा आहे. गाडी पुढे जात असताना बसलेला. आणि आत हा पिवळा रंग शिरलाय. तुमची भिंत पिवळी आहे का?"

बाईंनी मला हातात घेतलं. तो पिवळा रंग बराच वेळ बघितला. त्या रंगाचा डबा त्यांच्याच घरात माळ्यावर होता.

"मागे घेताना असा ठोसा बसूच शकत नाही?" त्यांनी विचारलं.

"कसा बसेल ताई? तुम्ही लांब जात होतात."

बाईंनी मास्तरांना फोन करून बोलावून घेतलं. मास्तर आले. मला वाटलं, आता बाई कडाडतील. मी तर वाटच बघत होतो. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, स्कूलखालच्या त्या खांबाला तुम्ही पिवळा रंग का दिला होतात?"

"शिकाऊ लोकांना दिसावा म्हणून."

"मग तुम्हाला कसा नाही दिसला?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग डेंटरकडे. डेंटरने पान्याची पेटी उघडून त्यात तोंड घातलं. मास्तर म्हणाले, "चहा सांगू का?" कुणी हो म्हणालं नाही. शेवटी ते एका जुन्या टायरवर बसले आणि खाली बघत म्हणाले, "फोनवर होतो. मला वाटलं, तुला सांगितलं तर स्कूलमध्ये कळेल."

"आणि मी चार महिने टेबल घेऊन बसमध्ये चढत होते."

"चुकलं."

"घरात चुकलं म्हणून भागणार नाही. माझं नाव मैदानात घेतलंत ना?" मैदानातली गोष्ट बाईंच्या कानावर गेली होती तर. "दुरुस्ती तुम्ही भरायची. हा बंपर भंगारात नाही द्यायचा. तुमच्या वर्गात टांगायचा, आणि पहिल्या तासाला ह्याची गोष्ट सांगायची. कोणी ठोकली त्यासकट."

असा मी ह्या भिंतीवर आलो. गाडीला नवीन बंपर लागला. मास्तरांनी त्यासाठी कुणाकडून तरी उसने घेतले, म्हणजे मामांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अखेर मिळालं.

पंधरवड्याने नूतनीकरण आलं. मामा इथेच, वर्गात आले, कारण बाई मास्तरांना समोर बसवूनच सही करणार होत्या. मामांनी तेच प्रश्न विचारले, ह्या वेळी बाईंना. बाई म्हणाल्या, "एका दमात मला साडेतीन हजार देता येतील, त्यापुढे नाही. तेव्हा सक्तीच्या एक हजारावर अडीच हजारच घाला. तेवढ्याचा ओरखडा मी तसाही क्लेमला नेणार नाही, क्लेम न केल्याची सूट जाते ना? पण त्याहून मोठा मार बसला तर कंपनी मागे उभी पाहिजे. मला दुसऱ्या दिवशी गाडी लागते."

"हप्ता वाढेल हो पोरी, थोडा."

"वाढू दे. गाडी कुणाच्या हातात आहे ते बघून विमा घेतलाय."

मास्तर पंख्याकडे बघत बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. माझा भाऊ अखेर माझ्या मापाचा झाला.

पहिल्या तुकडीला मास्तरांनी गोष्ट सांगितली ती अशी: "एका ओळखीच्या माणसाने ही गाडी ठोकली." मी वरून ऐकत होतो. दुसऱ्या तुकडीलाही ओळखीचा माणूसच. तिसऱ्या तुकडीच्या वेळी बाई दारात उभ्या होत्या, मास्तरांना घ्यायला आल्या होत्या, कारण आता किल्ली त्यांच्याकडेच असते. मागच्या बाकावरच्या एका बाईने विचारलं, "सर, तो माणूस कोण?" मास्तरांनी दाराकडे पाहिलं. खडू खाली ठेवला.

"मीच," ते म्हणाले. "आणि सगळ्यांना सांगितलं की बायकोने ठोकली."

वर्गात कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं की हा शब्द ऐकला की माझं पोट भरेल. ते भरलं नाही.

कारण बाई गाडी घेऊन काकांकडे परत गेल्या तेव्हा, त्यांनीच इथे येऊन सांगितलं, काका पलंगावरच होते. चार महिन्यांत पाय पुन्हा आखडले होते. बाईंनी वॉकर पुढे केला, तर त्यांनी तो हातानेच बाजूला सारला. आता उभंच राहायचं नाही म्हणाले. बाई तरी रोज जातात. संध्याकाळी मास्तरांना घ्यायला इथे येतात आणि मास्तर फळा पुसता पुसता, पाठमोरेच, रोज विचारतात, "काका?"

"आज बसले. पाय जमिनीला टेकवले." कधी, "आज नाही म्हणाले." काल म्हणाल्या, "उभे राहिले. लगेच बसले."

मास्तरांचा हात फळ्यावर थांबतो. बाईंनी त्यांना माफ केलं असेल, तो नवरा-बायकोचा मामला आहे. मी केलेलं नाही.

तुम्ही घरी गेलात की गाडीचा कागद काढा. ती पहिली रक्कम वाचा. ती तुमच्या फुशारकीच्या मापाची आहे की तुमच्या खिशाच्या, ते बघा, आणि गाडी ज्याच्या हातात असते त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. एवढं केलंत तर तुमच्या बंपरला कुणावर डूख धरावा लागणार नाही.

माझ्या तड्याचं नुकसान नवीन बंपरने भरून निघालं. काकांची पावलं मात्र कुठल्याच पॉलिसीत नव्हती, त्यांचा क्लेम कोणाकडे टाकायचा? मी मास्तरांकडे टाकलाय. रोज संध्याकाळी, ते फळा पुसायला वळले की टाकतो.